‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?
पीएचडीनंतर : लेखांक ९

मागच्या आठवड्यात पोस्टडॉकची जाहिरात कशी वाचायची ते पाहिलं. तो लेख वाचून परभणीच्या एका मुलीने तिला आवडलेली एक जाहिरात छापून, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने शेरा मारून मला त्या कागदाचा फोटो पाठवला. प्रथिनं शुद्ध करण्याचा अनुभव : आहे. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी : थोडी. पायथॉन : कामापुरतं. सगळ्यात शेवटी ती नेहमीची ओळ होती. उत्तम लेखी व तोंडी संवादकौशल्य हवं, स्वतंत्रपणे आणि गटातही काम करता यायला हवं. तिच्यापुढे शेरा होता, ‘आयईएलटीएस ७.५. झालं.’

ही ओळ लग्नपत्रिकेतल्या ‘आपली उपस्थिती हाच आहेर’सारखी झाली आहे. सगळीकडे छापलेली असते, म्हणून कोणी वाचत नाही. फरक इतकाच की जाहिरात देणाऱ्याला ती खरोखर म्हणायची असते. मी तिला फोन केला. म्हटलं, “अगं, या ओळीचा आणि इंग्रजीचा संबंध फार थोडा आहे.”

“मग कशाशी आहे, मॅडम?”

फोनवर मला धड सांगता आलं नाही. म्हणून आजचा लेख.

अमेरिकेतल्या नॅशनल पोस्टडॉक्टोरल असोसिएशनने पोस्टडॉकच्या अंगी काय काय असावं याची सहा कलमं ठरवली आहेत. पहिली दोन अपेक्षितच आहेत : विषयाचं ज्ञान आणि संशोधनाचं कसब. उरलेली चार म्हणजे संवाद, व्यावसायिक वागणूक, नेतृत्व व व्यवस्थापन, आणि संशोधनातली सचोटी. सहातल्या चार गोष्टी अशा की ज्या आपल्याकडे पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत कोणी बसवून शिकवत नाही आणि व्हायव्हाला कोणी विचारत नाही. येतील आपोआप, असं धरून चालतात. काहींना येतातही. बाकीचे माझ्यासारखे, तीन आठवडे वाया घालवून शिकतात. ती गोष्ट पुढे सांगते. आधी एका पोस्टडॉकची, ज्याने तासाभरात सगळं बरोबर केलं.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. जर्मनीत हॅनोव्हरला दुपारचे बारा वाजत आले होते. मार्को ड्रॅगो हा इटालियन पोस्टडॉक तिथल्या अल्बर्ट आइनस्टाइन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होता. अमेरिकेत गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी उभारलेली लायगोची दोन यंत्रं आहेत, एक लुइझियानात लिव्हिंग्स्टनला, दुसरं वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला. त्यांच्याकडून येणारी माहिती चाळणारी एक संगणकप्रणाली होती. तिला काही वेगळं दिसलं की आपोआप सूचना यायची. तशी ती आली. ड्रॅगोने उघडून पाहिलं तर संकेत इतका स्वच्छ, की पुस्तकातून कापून चिकटवल्यासारखा. गुरुत्वीय लहरींची वाट बघण्यात जवळजवळ शंभर वर्षं गेली होती, आणि त्या बघणारा जगातला पहिला माणूस हा.

त्याला आधी आली ती शंका. लायगोत एक रीत होती. यंत्र आणि माणसं दोन्ही जागी आहेत ना हे तपासायला मोजक्या लोकांनी गुपचूप खोटा संकेत आत घालायचा. त्याला ‘इंजेक्शन’ म्हणत. सप्टेंबर २०१० मध्ये असंच एक इंजेक्शन दिलं गेलं होतं. लोकांनी महिनोन्‌महिने राबून त्यावर पेपर लिहून काढला, आणि मार्च २०११ मध्ये गुपिताचं पाकीट फोडल्यावर कळलं की सगळं खोटं होतं. ड्रॅगोला हे ठाऊक होतं. तो उठून अँड्र्यू लंडग्रेन या सहकाऱ्याकडे गेला. दोघांनी मिळून तपासलं, इंजेक्शनची नोंद कुठे दिसेना. मग त्यांनी अमेरिकेत दोन्ही नियंत्रण कक्षांना फोन लावले. संकेत आला तेव्हा लिव्हिंग्स्टनला पहाटेचे पाचसुद्धा वाजले नव्हते, हॅनफर्डला तीनही नाही. एकीकडे फोन उचलला गेला, तो लिव्हिंग्स्टनला. तिथल्या माणसाने सांगितलं की इकडे सगळं ठीक आहे, आम्ही काही घातलेलं नाही. त्यानंतर ड्रॅगोने साऱ्या लायगो परिवाराला एक मेल टाकली : असा असा संकेत दिसतोय, कोणी इंजेक्शन दिलं आहे का?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इंजेक्शन नव्हतंच. ११ फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला. पेपरवर हजाराहून जास्त नावं होती. मला मात्र त्या पहिल्या तासाचं अप्रूप वाटतं. त्या तासात ड्रॅगोने कुठलाच दावा केला नाही. त्याने चौकशी केली, आणि क्रमाने केली : आधी शेजाऱ्याकडे, मग यंत्राजवळच्या माणसाकडे, मग सगळ्यांकडे. प्रत्येक पायरीला आपल्याला काय दिसलं, काय तपासून झालं आणि काय कळत नाही, हे तो सांगत गेला. जाहिरातीतल्या ‘संवादकौशल्या’चा याहून चांगला नमुना मला दाखवता येणार नाही, आणि त्यात भाषेची चमक कुठेच नाही.

(हिंगोलीकरांनी हे खास लक्षात ठेवावं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचं यंत्र उभं राहायचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका त्या कामात आहे. उद्या रात्री-अपरात्री औंढ्याला फोन वाजेल, तेव्हा तो आपल्याकडच्याच कोणीतरी उचलायचा आहे.)

पीएचडीत आपण एका घरात वाढतो. गाईड एक, विषय एक, फ्रीजमधला कप्पा ठरलेला. पाच वर्षांत लॅबची खोड न्‌ खोड पाठ होते. पोस्टडॉक म्हणजे तयार संसारात पाऊल टाकणं. नव्या स्वयंपाकघरात जिऱ्या-मोहरीचा डबा कुठला आणि हळदीचा कुठला हे कितीही सुगरण बाई असली तरी तिला विचारावंच लागतं. न विचारता फोडणी टाकली तर काय होतं ते मी सांगते.

परदेशातल्या माझ्या पोस्टडॉकच्या लॅबमध्ये रुजू होऊन मला महिना झाला होता. काम अगदी बाळबोध : डीएनएचे दोन तुकडे जोडायचे. यासाठी लायगेज नावाचं एंझाइम वापरतात, त्याच्यासोबत एक बफर घालतात. पीएचडीत मी हे काही शेकडा वेळा केलेलं. इथे जोडलं जाईना. दुसऱ्यांदा केलं, नाही. तापमान बदललं, तुकड्यांचं प्रमाण बदललं, रात्रभर ठेवून पाहिलं, तरी नाही. दर सोमवारी ग्रुप मीटिंग असायची. मी आपली जुन्या कामाची एखादी नेटकी स्लाइड दाखवून बसायचे. बॉसने “कसं चाललंय?” विचारलं की “छान.” मनात एकच, की नवीन माणूस, आणि आल्या आल्या रड घेऊन कशी जाऊ? आधी काहीतरी निकाल हातात येऊ दे, मग बोलू.

तिसऱ्या आठवड्यात आमची टेक्निशियन, साठीला टेकलेली बाई, कॉफी ओतता ओतता म्हणाली, “तुझे डोळे का असे झालेत?” मी सांगितलं. ती कप तिथेच ठेवून मला फ्रीजरपाशी घेऊन गेली. बफरची नळी काढून झाकण माझ्यासमोर धरलं. झाकणावर लाल शाईचा ठिपका, आपल्या टिकलीएवढा. “ही लाल टिकली दिसली नाही तुला?” तिने अर्थात टिकली म्हटलं नव्हतं, पण माझ्या आठवणीत ती टिकलीच आहे.

लायगेजच्या बफरमध्ये एटीपी असतं. नळी वितळवून पुन्हा गोठवली, पुन्हा वितळवली, की ते एटीपी मरत जातं आणि जोडकाम थांबतं. म्हणून शहाणे लोक नवी नळी आली की तिचे छोटे छोटे भाग करून ठेवतात. ही जुनी नळी कुणीतरी ‘सरावासाठी’ म्हणून ठेवली होती, आणि लाल ठिपका म्हणजे ‘हिच्यावर भरवसा नको’. लॅबमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलं नाही. त्यांना वाटत होतं माझं छान चाललंय. मीच तर तसं सांगत होते!

नव्या नळीने दुसऱ्या दिवशी काम झालं.

यात माझ्या एकटीचा दोष नव्हता, असं आज मला वाटतं. आपल्या शिक्षणात अडलेलं सांगण्याची सवय कोणी लावत नाही; उलट मोडते. वर्गात “समजलं का?” या प्रश्नाला “हो सर” हे एकच उत्तर असतं. पीएचडीतही गाईडच्या खोलीत जायचं ते काहीतरी ‘घेऊन’, रिकाम्या हाताने जायचं नाही. पाहुण्यांकडे जाताना ही रीत चांगली आहे, लॅबमध्ये ती घात करते. बॉसच्या जागी बसून बघा. त्याच्याकडे दोन-तीन वर्षांचं अनुदान असतं आणि त्यातून तुमचा पगार निघतो. प्रयोग फसला याचं त्याला नवल नसतं, त्याचे स्वतःचे आयुष्यभर फसत आलेत. प्रयोग तीन आठवड्यांपूर्वी फसला आणि हे आज कळलं, याचा त्याला राग येतो.

त्या प्रकारानंतर मी एक सवय लावून घेतली. दर शुक्रवारी संध्याकाळी बॉसला पाच-सहा ओळींची मेल टाकायची. या आठवड्यात काय केलं, काय झालं, कुठे अडलंय, माझा अंदाज काय, कोणाची काय मदत हवी. कोणी मागितली नव्हती. पहिले काही आठवडे उत्तरही आलं नाही. मग एका शुक्रवारी मी पाठवली नाही, तर सोमवारी बॉसने दारातून डोकं घालून विचारलं, “आजारी होतीस?” या मेलचा आणखी एक फायदा असा, की अडचण लिहायला बसलं की निम्म्या वेळा ती लिहिता लिहिताच सुटते. उरलेल्या निम्म्या वेळा निदान ती आपल्या एकट्याची राहत नाही.

आता गटात काम करण्याबद्दल. याचं उदाहरण म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी एका पत्राबद्दल सांगते. डीएनएच्या रचनेच्या शोधाची गोष्ट आपण नायक-खलनायकांची म्हणून ऐकतो. मला ती आधी एका न पोचलेल्या निरोपाची वाटते, आणि तिच्यातली दोन मुख्य पात्रं, रोझलिंड फ्रँकलिन आणि जेम्स वॉटसन, ही दोघंही तेव्हा पीएचडीनंतरच्या फेलोशिपवर होती, हे आपण विसरतो.

डिसेंबर १९५० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातले विभागप्रमुख जॉन रँडल यांनी पॅरिसमध्ये काम करणाऱ्या फ्रँकलिनला पत्र लिहिलं. तिला आधी प्रथिनांवर काम करायला बोलावलं होतं. आता डीएनएवर कर, असा बेत बदलल्याचं त्यात होतं. क्ष-किरणांच्या प्रयोगांपुरतं बोलायचं तर तूर्त तू आणि रेमंड गॉस्लिंग हा विद्यार्थी, एवढेच असाल, असंही त्यात होतं. डीएनएवर तिथे आधीपासून मॉरिस विल्किन्स काम करत होते आणि गॉस्लिंग त्यांच्याच हाताखाली होता. रँडलनी या पत्राची गोष्ट विल्किन्सना सांगितली नाही. जानेवारी १९५१ मध्ये फ्रँकलिन रुजू झाली तेव्हा विल्किन्स रजेवर होते. ते परतले ते आपल्याला मदतीला एक तज्ज्ञ मिळाली अशा समजुतीने. तिची समजूत अशी की हे काम माझं आहे, आणि हा गृहस्थ उगाच मध्ये मध्ये करतो. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते. एक नक्कल विल्किन्सच्या टेबलावर गेली असती तर पुढची दोन वर्षं किती वेगळी गेली असती! विल्किन्सना ते पत्र बघायला मिळालं ते पुष्कळ वर्षांनी, फ्रँकलिन हयात नसताना.

रँडलनी हे मुद्दाम केलं की विसरले, यावर अभ्यासक वाद घालतात. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. पण नवीन लॅबमध्ये पाऊल टाकताना प्रत्येक पोस्टडॉकने हे एक काम करावं : ‘हा प्रश्न माझा आहे का? यावर आणखी कोण आहे? त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंय?’ हे बॉसला पहिल्या आठवड्यात विचारावं आणि जे ठरलं ते दोन ओळींत लिहून संबंधित सगळ्यांना पाठवावं. आपल्याकडे याला आगाऊपणा म्हणतात. म्हणू देत. जागेच्या वाटणीत आपण बांध घालून घेतोच की, भाऊ कितीही प्रेमाचा असला तरी.

त्याच गोष्टीतला वॉटसनचा किस्सा ऐकण्याबद्दलचा आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये फ्रँकलिनने किंग्ज कॉलेजात आपल्या कामावर व्याख्यान दिलं. तेवीस वर्षांचा वॉटसन केंब्रिजहून ते ऐकायला आला. टिपणं घेतली नाहीत, स्मरणशक्तीवर भिस्त ठेवली. डीएनएत पाणी किती याचा आकडा त्याच्या डोक्यात चुकीचा बसला. परत जाऊन त्याने आणि त्याचा सहकारी क्रिक याने त्यावर तीन पदरी मॉडेल उभारलं, ज्यात फॉस्फेट आतल्या बाजूला होतं. किंग्जच्या मंडळींना ते बघायला बोलावलं, आणि फ्रँकलिनने उभ्या उभ्या त्याच्या चिंध्या केल्या. फॉस्फेट बाहेर हवं आणि पाणी कितीतरी जास्त हवं, हे तर तिने व्याख्यानातच सांगितलं होतं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी दोघांना डीएनएपासून लांब राहायला सांगितलं. एका वहीच्या पानाअभावी एवढी नाचक्की झाली.

वॉटसन-क्रिक पुढे सावरले ते कसे, हेही बघण्यासारखं आहे. त्या दोघांची एकमेकांच्या कल्पना निर्दयपणे झोडपण्याची सवय प्रसिद्धच आहे. पण अगदी शेवटच्या टप्प्यावर उपयोगी पडला तो त्यांच्याच खोलीत बसणारा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू. तुम्ही पुस्तकातून घेतलेलं रेणूंचं रूप चुकीचं आहे, हे त्याने सांगितलं, आणि जोड्या जुळल्या. शेजारचा माणूस कशावर काम करतो हे ठाऊक असणं आणि आपलं अर्धवट काम त्याच्यासमोर उघडं टाकण्याची लाज नसणं, एवढंच ते. या शोधात घडलेल्या सगळ्या गोष्टी काही अभिमानाच्या नाहीत. फ्रँकलिनकडच्या डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्राचा वापर तिच्या परोक्ष झाला, ते सहकार्य नव्हे. सचोटीचं कलम त्या सहांत वेगळं का घातलं आहे ते इथे कळतं.

आणि ‘फ्रँकलिनशी जमवून घेणं अवघड होतं’ हा जो शेरा तिच्या नावाला चिकटला, त्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९५३ मध्ये ती बर्कबेक कॉलेजात गेली. तिथे आरोन क्लुगबरोबर तिने विषाणूंच्या रचनेवर काम केलं, १९५८ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, आणि ते उत्तम जमलं. क्लुगना १९८२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामाला. बाई तीच होती, फक्त इथे कोणाचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते स्पष्ट होतं. लॅबमध्ये कोणाचं नाव ‘भांडखोर’ म्हणून पडलं, की मी आधी त्या लॅबमधली वाटणी बघते.

आता मुलाखतीकडे येते, कारण सगळ्यांना तीच हवी असते.

पोस्टडॉकची मुलाखत म्हणजे सहसा आपल्या कामावर पाऊण-एक तासाचं व्याख्यान, मग प्रश्न, मग बॉसबरोबर बसणं, आणि लॅबमधल्या प्रत्येकाशी अर्धा-अर्धा तास गप्पा. या शेवटच्या भागाला मुलं विश्रांती समजतात. ती विश्रांती नव्हे. संध्याकाळी बॉस आपल्या पीएचडीच्या पोरांना विचारतो, “याच्या शेजारी बसाल का?” त्या पोरांचं म्हणणं कित्येकदा शिफारसपत्रांपेक्षा भारी पडतं. तुम्ही त्यांच्या कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारला का, हे त्यांच्या बरोबर लक्षात राहतं.

मी अशा बऱ्याच मुलाखतींना टेबलाच्या पलीकडून बसले आहे. आपल्याकडच्या हुशार मुलांची गाडी एका जागी हमखास रुतते. व्याख्यानभर चालू असतं : वी क्लोन्ड, वी प्युरिफाइड, वी ऑब्झर्व्ह्‌ड. मग कोणीतरी सहज विचारतं, यातलं तुम्ही स्वतः काय केलंत? आणि शांतता पसरते. केलेलं असतं सगळं त्यानेच! पण ‘मी केलं’ म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. आपल्या घरात तसंच शिकवलेलं असतं. याउलट काही जण ‘आय, आय, आय’चा सपाटा लावतात, आणि मग लॅबमधली चार माणसं मनात म्हणतात, बाबा रे, मग तुला आमची गरज काय?

खरं म्हणजे मराठी माणसाला हे जड जायला नको. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही चहाला चाललोय’ म्हटलं की समोरचा जागेवरच बसून राहतो. ‘आपण चहाला जाऊ’ म्हटलं की तो पायात चप्पल सरकवतो. इंग्रजीला ही सोय नाही, तिथे दोन्हीला एकच ‘वी’. म्हणून मी मुलांना सांगते, की व्याख्यान आधी मराठीत बोलून बघा. प्रत्येक ‘वी’च्या जागी मी, आम्ही की आपण, हे ठरवावं लागेल. ‘आम्ही’ आलं तर त्यातली माणसं मोजा. मग इंग्रजी वाक्य असं होतं : ही मोजणी माझी. प्रथिन शेजारच्या लॅबने दिलं. प्रोग्राम माझ्या सिनियरने लिहिला होता, मी त्यातली एक चूक दुरुस्त केली. यात नम्रताही राहते आणि हिशेबही चोख राहतो. दुसऱ्याचं श्रेय नावानिशी देणाऱ्या माणसाच्या ‘मी’वर विश्वास बसतो. परभणीच्या मुलीला मी हे करायला लावलं. पंचवीस स्लाइडमध्ये तिचे अठरा ‘मी’ निघाले. तीच चकित झाली.

‘आम्ही’ची ही मोजदाद छपाईतही शिरली आहे. २०१५ मध्ये सर्नच्या दोन प्रयोगगटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर पेपर काढला. त्यावर ५,१५४ लेखक होते. ३३ पानांच्या त्या पेपरात २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची होती. अशा पेपरवर नाव असणं म्हणजे मतदारयादीत नाव असण्यासारखं. नागरिक आहात एवढं सिद्ध होतं, काय केलंत ते नाही. म्हणून आता पुष्कळ नियतकालिकं पेपरच्या शेवटी कोणी काय केलं ते सांगायला लावतात. त्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात : कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, माहिती कोणी राखली, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, पहिला खर्डा कोणाचा, पैसा कोणी आणला. पेपर तयार झाल्यावर ही यादी भरायला बसलं की भांडणं होतात. काम सुरू करतानाच ती कच्ची भरून ठेवली आणि दर काही महिन्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा बघितली, तर बरीचशी टळतात. पहिलं नाव कोणाचं, हा प्रश्न आपल्याकडे हुंड्यासारखा. कोणी उघड बोलत नाही, आणि मनात मात्र सगळ्यांच्या तेच.

लॅबमध्ये जागा मागणाऱ्या पहिल्या मेलबद्दल थोडक्यात. ‘रिस्पेक्टेड सर, युअर एस्टीम्ड लॅब’ने सुरू होणारी मेल बॉस दुसऱ्या ओळीला बंद करतो, कारण तीच मेल त्याच्या शेजारच्यालाही आलेली असते. त्याऐवजी एवढंच लिहावं : तुमच्या अमुक पेपरात हे अर्धवट राहिलंय असं मला वाटतं. मी आजवर हे केलंय. ते तुमच्याकडे असं उपयोगी पडेल. मी अमुक महिन्यात मोकळी होते. बस. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न विचारून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. पोस्टकार्डाची गंमत अशी की त्यावर पाल्हाळ मावत नाही, प्रश्न विचारणाऱ्याचा नाही आणि उत्तर देणाऱ्याचाही. मेल पोस्टकार्डावर मावेल का, हे बघून मगच पाठवावी.

शेवटचा मुद्दा निघून जाण्याचा. पोस्टडॉक दोन-तीन वर्षांत जातो, त्याच्या नळ्या मात्र उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं राहतात. आपण गेल्यावर, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाला आपलं काम पुढे नेता येईल असं लिहून ठेवणं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत अवघड कसब वाटतं. समोर माणूस असला की चेहरा बघून सावरता येतं. इथे समोर कोणी नसतं. नळीवर तारीख, नाव, वहीचं पान. वहीत काय जमलं याच्याइतकंच काय जमलं नाही. जमलेलं पेपरात छापून येतं, न जमलेलं फक्त त्या वहीत असतं, आणि पुढच्या माणसाचे तीन आठवडे तेच वाचवतं.

लाल टिकलीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी निघताना हे मोठ्या निगुतीने केलं होतं. आठ खोकी, प्रत्येकाची यादी, एक प्रत बॉसला, एक टेक्निशियनबाईंना. त्याला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्या लॅबमधल्या एका नव्या पोस्टडॉकची मेल आली. फ्रीजर आवरताना आठव्या खोक्याच्या कोपऱ्यात, यादीत नसलेली एक नळी सापडली होती. तुमचं नाव आहे, पण पुढची अक्षरं कुठल्या लिपीत आहेत ते कळलं नाही; टाकून द्यायची की ठेवायची? सोबत फोटो होता. बर्फ साचलेल्या झाकणाखाली माझ्याच घाईच्या अक्षरात, देवनागरीत लिहिलं होतं, ‘बहुतेक हीच!’

ही म्हणजे कुठली, ते मला अजून आठवलेलं नाही.

(पुढच्या आठवड्यात : शिफारसपत्र मागायचं कोणाकडे, आणि कधी)